ससा मागे बघत नाही

आमच्या घरात माणसं आजारी पडत नाहीत, सरळ पडतात. वडील गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढत होते, मध्येच पायरीवर बसले आणि बसलेच. काका न्हाव्याच्या खुर्चीत गेले, अर्ध्या गालाला साबण लावलेला असताना. न्हाव्याला वाटलं डुलकी लागली, म्हणून त्याने उरलेला गालही करून टाकला. आम्ही बहिणी ही गोष्ट पोट धरून हसत सांगायचो. आता सांगत नाही.

ताई माझ्याहून मोठी. ती झिजलेल्या टायरांना नवं रबर चढवण्याच्या कारखान्यात कामाला होती. टायर यंत्रावर चढवायचं, जुनं रबर खरवडून काढायचं, नवा पट्टा चिकटवायचा आणि तापलेल्या साच्यात घालायचं. कितीही साबण लावला तरी तिच्या केसांचा वास जायचा नाही. मी लहानपणापासून शिवणकामात, त्यामुळे माझ्या अंगाला मशीनच्या तेलाचा वास. आई म्हणायची, माझ्या पोटी पोरी नाही, दोन गॅरेजं जन्माला आली.

कारखान्याच्या आधी ताई पळायची. चांगली पळायची, पण पहिली कधी यायची नाही. तिचा गुण वेगळाच होता. मैदानाच्या कितीही फेऱ्या मारायला सांगा, तिची प्रत्येक फेरी तेवढ्याच वेळात व्हायची. पळायला शिकवणारे सर एकदा वैतागून म्हणाले, "तू घड्याळ गिळलंयस का गं?" आणि त्याच दिवशी त्यांनी तिला ससा करून टाकलं.

ससा म्हणजे काय, ते सांगते, कारण मलाही हे फार उशिरा कळलं. लांबच्या शर्यतीत एकाला मुद्दाम पुढे पळायला ठेवतात. त्याने ठरलेल्या गतीने पळायचं, मागच्याचा वारा अंगावर घ्यायचा, आणि शेवटची फेरी आली की ट्रॅक सोडून आतल्या गवतावर उतरायचं. जिंकायचं मागच्याने. मला हे कधी पटलं नाही. मी म्हणायचे, सगळा स्वयंपाक तू करायचा आणि ताटं वाढली की उठून जायचं, हा कुठला शहाणपणा? ताई हसायची. कारखान्यातल्या बायका तिला विचारायच्या, "काय सशा, आज डब्यात गाजर का?" तेव्हाही हसायची. तिला त्या नावाचा राग नव्हता, उलट माज होता.

त्या कामाचा एकच नियम ती डोळे मिटून सांगायची. ससा मागे बघत नाही. मान वळली की गती मोडते, आणि मागच्याला वाटतं पुढच्याचाच धीर सुटला. मग मागचं कळायचं कसं? कानांनी. पावलं ऐकायची. कोण जवळ आलं, कोण दमलं, कोणाचा डावा पाय दुखतोय, हे तिला पावलांवरून कळायचं. माझ्या दुकानात ती दाराकडे पाठ करून बसली, तरी कुठलं गिऱ्हाईक आलंय ते बरोबर सांगायची.

तिच्या आयुष्यात एकच मोठी शर्यत झाली, आणि तीसुद्धा दुसरीची. ती दुसरी म्हणजे आमची चॅम्पियन. तेव्हा तिला कुणी ओळखत नव्हतं. ताई पुढे, ती मागे. तिसऱ्या फेरीत वळणावर चॅम्पियनच्या पायात कुणाचा तरी पाय अडकला आणि ती तोंडावर पडली. सगळं मैदान 'हाय' करून उठलं. मागची पावलं थांबलेली ताईने ऐकली. पण तिने वळून पाहिलं नाही, पाऊल हळू केलं नाही, तशीच पळत राहिली. आणि मग पावलं परत आली. आधी लांब, मग जवळ, मग अगदी पाठीशी. ताई गवतावर उतरली, मान खाली घालून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि शेजारून वारा गेल्यासारखी चॅम्पियन पुढे निघून गेली. जिंकली. पुढे कित्येक शर्यती जिंकली. पण प्रत्येक मुलाखतीत तिने हेच सांगितलं की पुढची पाठ थांबली असती तर मी उठलेच नसते.

ताईने ते वाक्य आयुष्यभर पुरवून वापरलं. भावजी एक दिवस कामाला म्हणून गेले ते कायमचेच गेले, तेव्हाही ती मला हेच म्हणाली. मागे बघायचं नाही, पळत राहायचं, येणारं माणूस येतं. भावजी काही आले नाहीत. पण ताई पडलीही नाही, त्यामुळे नियम खरा ठरला.

तिची एकुलती एक मुलगी, बारकी. नाव पडलं तेव्हा खरंच बारकी होती, नंतर ताडासारखी वाढली तरी नाव तेच. ती चालायला लागली आणि लगेच पळायला लागली. रोज सकाळी दोघी मैदानावर. आई पुढे, लेक मागे. बारकीला घरात आईचा चेहरा पाठ आणि मैदानावर आईची पाठ. आणि ताईला? ताईने आपल्या लेकीला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. नुसतं ऐकलं होतं. एकदा मी हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "बघायचं काय त्यात? मला तिचं पाऊल माहितेय."

मग चॅम्पियनच्या आयुष्यावर सिनेमा निघाला.

चॅम्पियनचं काम करणारी नटी दिसायला चवळीची शेंग, बोलायलाही गोड, पण पळायची ती दूध उतू जातंय म्हणून धावणाऱ्या बाईसारखी. चॅम्पियनने स्वतः दिग्दर्शकाला सांगितलं, माझ्या सशाला बोलवा. ताई नटीला शिकवायला गेली, सोबत बारकी. बारकीला पळताना बघून दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, शोधत कशाला बसलोय? ठरलं. चेहरा नटीचा, पाय बारकीचे. आणि पाठमोरा ससा कोण? ताई स्वतः. तिच्या पाठीला वय झालंच नव्हतं, फक्त डोक्यावर काळ्या केसांचा टोप चढवला. मलाही काम मिळालं. जुन्या पद्धतीचे पळायचे बनियन आणि चड्ड्या आता कुठे मिळत नाहीत, त्या मी शिवायच्या. नटीचे वेगळे, बारकीचे वेगळे, आणि प्रत्येकाच्या बऱ्याच जोड्या, कारण घाम आला की बदलायचे. छातीवरचा नंबर हाताने शिवायचा.

बारकी त्या बनियनच्या मापासाठी माझ्या दुकानात उभी होती. मी काखेखाली कच्चा टाका घालत होते, तोंडात टाचण्या. ती सांगत होती की चॅम्पियनने तिला आपल्या शिबिरात ठेवून घ्यायचं कबूल केलंय. "मावशी, तिथे राहायचं, खायचं, पळायचं. बास." आणि बोलता बोलता तिचे डोळे वर गेले आणि ती माझ्या अंगावर कोसळली. टाचण्या मी गिळल्या नाहीत, हेच नशीब. थोड्या वेळात उठून बसली. म्हणाली, बस पकडायला धावले तेव्हा परवा पण असंच झालं होतं. आईला माहितेय. उपाशी होते.

मी तिला हाताला धरून आमच्या डॉक्टरांकडे नेलं, ताईला कारखान्यातून बोलावून घेतलं. डॉक्टर थट्टेखोर माणूस. त्यांनी छातीला नळी लावली आणि थट्टा बंद झाली. पुन्हा लावली. मग विचारलं, "घरात कुणी अचानक गेलंय का?"

मी वडिलांचं सांगितलं. काकांचं सांगितलं. या वेळी गोष्ट सांगताना मला हसू आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा इको करून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात वेळ घेऊन देतो. आणि तो होईपर्यंत पळणं बंद. जिनासुद्धा हळू चढायचा."

मोठ्या हॉस्पिटलातली वेळ मिळाली गुरुवारची. शूटिंग संपणार होतं बुधवारी. झालं, ताईचं गणित तिथेच सुटलं.

"बुधवारी काम संपतंय, गुरुवारी इको," ती म्हणाली. "मध्ये पळायचंय किती? तुकड्या-तुकड्यांत तर पळवतात."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुझ्या कानात गेलं का?" मी ओरडले.

"डॉक्टर सगळ्यांनाच घाबरवतात. आणि समज काही निघालं, तर? मग सिनेमा गेला, शिबीर गेलं, सगळं गेलं. पोरगी घरात बसून काय करेल, माझ्यासारखी टायर घासेल?"

"जिवंत तर राहील ना!"

हे मी बोलायला नको होतं असं बारकीच्या चेहऱ्यावरून दिसलं. ती उठून बाहेर गेली. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "वडील कधी पळाले होते? काका पळाले होते? बसून खाणारी माणसं होती ती. मी जन्मभर पळतेय, मला कधी काही झालंय? पळणाऱ्याचं काळीज घट्ट असतं." हे ती अगदी ठामपणे म्हणाली. माझ्या नाकावर राग असतो, पण ताईपुढे तो कधी टिकलेला नाही.

बुधवारी ढग आले. सकाळी अर्धी शर्यत उन्हात चित्रित झाली होती, आता उरलेली सावलीत कशी करणार? दिग्दर्शक डोक्यावर टोपी ठेवून आभाळाकडे बघत बसला. दुपारी त्याने जाहीर केलं, उद्या एक दिवस आणखी. मी ताईकडे बघितलं. तिने फोन काढला, हॉस्पिटलात लावला आणि वेळ पुढच्या आठवड्यावर ढकलली. बारकी खुर्चीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती. तिचे ओठ मला निळसर वाटले. मी तसं म्हटल्यावर नटीची मेकअपवाली पुढे आली आणि म्हणाली, "ते होय, मी झाकते," आणि ओठांवर रंग लावून गेली.

गुरुवारी ऊन कडकडीत पडलं.

राहिला होता तो प्रसंग पडण्याचा. खऱ्या शर्यतीसारखंच सगळं. ताई पुढे पळणार, बारकी वळणावर पडणार, ताई मागे न बघता पळत राहणार, बारकी उठून तिला गाठणार, ताई गवतावर उतरणार. पडायचं कसं ते बारकीला शिकवलं होतं. आधी हात टेकायचे, मग डावा गुडघा, मग खांद्यावर वळायचं. वळणावर माती भुसभुशीत करून ठेवली होती.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर माणसं बसवली होती, पण त्यांना आवाज करायची परवानगी नव्हती. पावलांचा आवाज स्वच्छ हवा, ओरडणं नंतर भरू, असं आवाजवाल्याने बजावलं होतं. त्यामुळे इशारा झाला की ती सगळी माणसं उभी राहायची, हात हलवायची, तोंडं उघडायची, आणि आवाज काहीच नाही. मी आयुष्यात पुष्कळ गर्दी पाहिली, पण अशी मुकी गर्दी पाहिली नव्हती.  कपड्यांच्या पेटीपाशी मी उभी होते, हातात बारकीचा कोरडा बनियन घेऊन.

पहिल्यांदा झालं ते चांगलं झालं. बारकी पडली, उठली, पळाली. दिग्दर्शक म्हणाला, छान, आणखी एकदा. दुसऱ्यांदा झालं. पुन्हा आणखी एकदा. प्रत्येक वेळी मी तिला पेटीमागे नेऊन बनियन बदलायची. शूटिंगचा कपडेवाला उतरवलेल्या बनियनवर डाव्या खांद्याला मातीचा डाग कुठे पडलाय ते टिपून ठेवायचा, कारण पुढच्या दृश्यात डाग हलला तर सिनेमात कळतं. बारकीची पाठ गार पडली होती. इतक्या उन्हात गार.

मी म्हटलं, "बास कर. मी जाऊन सांगते त्याला."

"मावशी, शेवटचंच आहे. चॅम्पियन बघतायत." खरंच, चॅम्पियन दिग्दर्शकाच्या शेजारी खुर्चीवर बसली होती. बारकीने तिला हात केला आणि ती ताईच्या मागे जाऊन उभी राहिली. ताईने विचारलं, "दमलीस?" पुढेच बघत विचारलं. बारकी म्हणाली, "नाही."

सुटल्या दोघी. पायऱ्यांवरची माणसं उठली, मुक्याने ओरडायला लागली. मैदानावर फक्त चार पावलांचा आवाज.

बारकी पडली. पण वळणाच्या आधी पडली, आणि पडताना तिचे हात पुढे आले नाहीत. हे मी पाहिलं आणि मला कळलं. बाकी कुणाला कळलं नाही. पडायचंच होतं ना तिला! पायऱ्यांवरची माणसं आणखी जोरात हात हलवायला लागली, उठ उठ म्हणून, जसं त्यांना शिकवलं होतं. कॅमेऱ्याची गाडी ताईच्या पुढे चालत राहिली.

मी किंचाळले. आवाजवाल्याने कानावरचं यंत्र काढून माझ्याकडे रागाने बघितलं.

मी धावत सुटले बारकीकडे. पण मला त्या दिवसातलं जे दिसत राहतं ते बारकीचं नाही, ताईचं. पावलं थांबलेली तिने ऐकली होती. त्या दृश्यात ती पावलं थांबणारच होती. तिने गती सोडली नाही, मान वळवली नाही, ठरलेल्या ठिकाणापर्यंत पळत गेली आणि गवतावर उतरली. कमरेवर हात, मान खाली, आमच्याकडे पाठ. आणि लेक शेजारून पुढे जायची वाट बघत उभी राहिली.

तोवर सगळेच धावत होते. दिग्दर्शक, कपडेवाला, चॅम्पियन, मैदानाबाहेर उभ्या ठेवलेल्या अँब्युलन्सचा ड्रायव्हर. ताईला पावलं ऐकू आली असणार. पुष्कळ पावलं. पण त्यात बारकीचं एकही नव्हतं, आणि हे तिला माझ्याआधी, सगळ्यांच्या आधी कळलं असणार. तरी ती वळली नाही. किती वेळ वळली नाही ते मला सांगता येत नाही. मग वळली.

हॉस्पिटलात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. इको करायचा होता त्याच हॉस्पिटलात, त्याच दिवशी. तिथल्या डॉक्टरांनी काय ते मोठं नाव सांगितलं. तुमच्या वडिलांच्या बाजूने आलेलं, म्हणाले, तुम्हा दोघी बहिणींनाही तपासायला हवं. तपासलं. आम्हा दोघींच्या हृदयात काही दिसलं नाही, ताईच्या रक्तातून ते नुसतं पुढे सरकलं होतं. ताईचं काळीज खरंच घट्ट निघालं.

दुसऱ्या दिवशी कपडेवाला माझ्या दुकानात आला. बिचारा खाली बघत म्हणाला की तो बनियन परत हवाय, राहिलेलं एखादं दृश्य करावं लागलं तर डाग जुळवायला लागेल. तो बनियन माझ्यापाशी होता. त्यावर माती खांद्याला नव्हतीच, सगळी छातीवर होती, मी शिवलेल्या नंबरावर. मी त्याला दुकानातून हाकलून दिलं. काय काय बोलले ते आठवत नाही, पण समोरचा चहावाला आपलं काम सोडून ऐकत उभा होता.

दिग्दर्शक घरी आला तेव्हा खरंच रडला. म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर तिचं सगळं काढून टाकतो. दुसरी मुलगी घेऊन परत करतो."

मी 'काढा' म्हणायला तोंड उघडलं होतं. ताई म्हणाली, "राहू दे."

एवढंच. तिने पळणं सोडलं, कारखाना सोडला नाही. कारखान्यात तिला आता कुणी ससा म्हणत नाही. माझ्या दुकानात येऊन बसते, पण आता दाराकडे तोंड करून. गिऱ्हाईक आलं की टक लावून बघते, बायका अवघडतात. मी त्यांचं माप आत नेऊन घेते. 

सिनेमा लागला. मी जाणार नव्हते. ताईने दुपारच्या खेळाची दोन तिकिटं आणली आणि माझ्या मशीनवर ठेवली. थिएटर निम्मं भरलं होतं. सुरुवातीला काळ्या पडद्यावर बारकीचं नाव आलं, खरं नाव, जे घरात कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे क्षणभर मलाही परकं वाटलं. मग नटी, गाणी, सर, भांडणं. ताई दगडासारखी बसली होती.

मग ती शर्यत आली. पहिल्यांदा घेतलेलं दृश्य होतं ते, जरा तिरक्या शिवल्या गेलेल्या नंबरावरून मी ओळखलं. कॅमेरा समोरून. पुढे ताई, तोंड सावलीत, आणि तिच्या खांद्यावरून मागे बारकी. चेहरा धूसर ठेवलेला, पण पाय, हात, ती मान डावीकडे कलती ठेवायची सवय, सगळं बारकीचं. ताईने पुढे वाकून समोरच्या खुर्चीची पाठ धरली. ती आपल्या लेकीला पळताना पहिल्यांदा बघत होती.

"अशी पळते होय?" ती पुटपुटली. "हात किती छान टाकते गं."

मी तिचा दंड धरला. पुढचं मला माहीत होतं.

बारकी पडली. थिएटरमधली माणसं 'हाय' म्हणाली. आता या गर्दीला आवाज होता. पडद्यावर पुढे ताई पळतच राहिली, आणि मागे, लांब, मातीत, बारकी हातांवर उठत होती. उठली. पळायला लागली. माणसांनी टाळ्या वाजवल्या, कुणी शिटी मारली. माझ्या शेजारी ताई उभी राहिली होती.

"बघ," ती म्हणाली. माझ्याशी नाही. पडद्यावर पाठ सरळ ठेवून पळणाऱ्या त्या बाईशी, स्वतःशी. आधी हळू म्हणाली, मग मोठ्याने. "बघ ना गं मागे. एकदा बघ."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओ बाई, खाली बसा, दिसत नाही." मी तिला ओढायला गेले, पण ती बसली नाही. पडद्यावरची ताई गवतावर उतरली, कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभी राहिली. बारकी तिच्या शेजारून पुढे निघून गेली, आणि ताईने तेव्हाही वर बघितलं नाही.